बिनमातीचे अप्पा

आमच्या अप्पामामांना ठाण्यात आडनावानं कुणी ओळखत नसे. टेंभी नाक्यावर उभं राहून ‘कचेरीतले अप्पा कुठं राहतात’ असं विचारलं, तर लोक एकमेकांची तोंडं बघत. ‘बिनमातीचे अप्पा’ म्हटलं, की जो तो हात लांब करून वाट दाखवी, आणि वर हसून सांगे, ‘आंब्यावर झाडं दिसली की थांबा, तेच घर.’ झाडावर झाड, मुळाशी माती नाही, आणि पाणी घालायचं तेही मुळाला नाही, असला प्रकार गावानं पूर्वी पाहिला नव्हता. त्यामुळे अप्पांनी कचेरीत जन्मभर केलेली चाकरी गाव विसरून गेलं आणि एवढंच लक्षात राहिलं.

सकाळची संध्या आटोपली, की अप्पा धोतराचा काचा मारून परसात येत. कमरेला काथ्याच्या दोरीनं बांधलेली नारळाची करवंटी लोंबत असे. रांजणातलं पाणी तिच्यात घ्यायचं, शिडीनं आंब्याच्या बेचक्यात चढायचं आणि एकेका झाडाच्या पोटात ते हलक्या हातानं सोडायचं, हा त्यांचा नेम. पेन्शनीत निघालेला माणूस माकडासारखा फांदीवर बसलेला पाहून येणारेजाणारे कुंपणाशी थांबत. एकदा शेजारच्या वकिलांनी टोमणा मारला, “अप्पा, शेवटी हातात करवंटी आली म्हणायची.” अप्पा वरूनच म्हणाले, “आली खरी. पण मी मागत नाही, देतो.” 

ज्यांनी ही झाडं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अननसाच्या डोक्यावर जो पानांचा तुरा असतो, तसा मोठा तुरा डोळ्यांपुढं आणा. पानं बुडाशी एकमेकांत अशी घट्ट बसलेली, की मध्ये वाटी तयार होते. त्या वाटीत पाणी साठतं आणि त्यावर झाड जगतं. मुळं नुसती फांदीला धरून ठेवण्यापुरती. खाडीची दमट हवा त्यांना मानवते, आणि आंब्याच्या पानांतून गाळून आलेलं ऊन लागलं की पानांवर रंग चढतात. कुठं पिवळे पट्टे, कुठं जांभळे ठिपके. गर्द सावलीत ठेवाल तर सगळी हिरवीच राहतात, भर उन्हात ठेवाल तर करपतात. अप्पा म्हणत, “याला लेकीसारखं ठेवावं लागतं. डोळ्याआड नको आणि डोळ्यांत तेल घालूनही नको.” एका झाडाच्या वाटीत बोटाएवढा बेडूक राहत असे. अप्पा त्याला भाडेकरू म्हणत, आणि पाणी ओतण्यापूर्वी त्याला बाजूला सरकायला सांगत.

मी मूळचा कल्याणचा. ठाण्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा मी खानावळ शोधतोय असं अप्पांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “मामाचं घर असताना खानावळीत जेवलास तर तंगडी मोडून ठेवीन.” त्यांच्या जिव्हाळ्याची भाषा ही अशी. मी बिऱ्हाड कल्याणलाच ठेवलं आणि शनिवारच्या गाडीनं घरी जाऊ लागलो. बाकीचे दिवस अप्पा आणि मामींच्या घरी. इतकी वर्षं मी जे कुणाला बोललो नाही ते आता लिहितो आहे, कारण ज्यांच्यापासून लपवायचं होतं आणि ज्यांनी लपवलं ती दोन्ही माणसं आता नाहीत.

अप्पांना एकच मुलगा, विनू. त्याची बायको सासरी नांदायला येण्यापूर्वीच देवीच्या साथीत गेली, आणि दुसरं लग्न करायला तो तयार होईना. मुंबईला एका पेढीवर कारकुनी करता करता त्यानं मॉरिशसला जायचं ठरवलं. आपल्याकडची मोरस साखर येते ते बेट. त्या काळी समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं. अप्पा तेव्हा भारी कर्मठ होते. त्यांनी सांगितलं, “जायचं तर जा. परत येशील तेव्हा आधी प्रायश्चित्त, मग उंबरठा.” विनू निघाला त्या दिवशी मामी मुंबईच्या बंदरावर गेल्या, मी गेलो. अप्पा कचेरीत गेले आणि रोजच्यासारखे काम करत बसले.

वर्षभरानं कोलशेतचा एक खलाशी दारात आला. जहाजावरून सुट्टीवर आलेला. खांद्यावरचं गोणपाट त्यानं अंगणात उलगडलं, तर आत हे झाड. महिना-दीड महिना बोटीच्या पोटात राहूनही हिरवंगार. तो म्हणाला, “तुमच्या पोरानं माज्या हाती धारलाय. बरा हाय त्यो. बोल्ला, माती नको घालू. पोटान पानी ठेव, बस.” मामींनी त्याला पोटभर जेवू घातलं, चार चार वेळा विनूचं विचारलं. तो किती वाळला, काय खातो, डोक्याला तेल लावतो की नाही. अप्पा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. मामींनी झाड तुळशीशेजारी दगडावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे विनूचं झाड.”

पुढच्या खेपेला तोच खलाशी आला तो रिकाम्या हातांनी. विनू तापानं गेला होता. तिथंच त्याला अग्नी दिला होता. खलाशी अंगणात उभा राहून रडला. अप्पांनी खाडीवर जाऊन सगळं क्रियाकर्म केलं. भटजी प्रायश्चित्ताचं काही पुटपुटायला लागले, तसं अप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचा मंत्र म्हणू लागले. घरी येऊन अप्पा तुळशीपाशी बसले. त्या झाडाला त्यांनी पहिल्यांदा हात लावला तो त्या दिवशी.

त्यानंतरचे अप्पा निराळेच. एके दिवशी मी शाळेतून लवकर आलो, तर ते झाडापाशी उकिडवे बसून बोलत होते. मला वाटलं बेडकाशी बोलताहेत. जवळ गेलो तर ऐकू आलं, “बंदरावर यायला हवं होतं रे. नुसतं येऊन उभं राहायला काय झालं होतं मला?” मी पावलं न वाजवता मागं फिरलो. मामींना हे कधी ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला अजून वाटतं.

उन्हाळ्यात त्या झाडाचं पोट लाल झालं. मधली पानं कुंकू सांडल्यासारखी रंगली आणि वाटीतल्या पाण्यात निळीजांभळी बारीक फुलं आली. बायका बघायला लोटल्या. मामींच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी हसू दिसलं. पण फुलं ओसरली आणि झाड उतरू लागलं. हे झाड जन्मात एकदाच फुलतं आणि मग जातं, हे तेव्हा आम्हांला कुणाला ठाऊक होतं? अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवणावरची वासना उडाली. मग एका सकाळी त्यांची हाक आली, “गोविंदा, अरे इकडं ये. मामीलाही बोलाव.” वाळत चाललेल्या झाडाच्या बगलेतून पिल्लं फुटली होती. मामींनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “माझी नातवंडं आली.”

थट्टेनं म्हटलेलं नव्हतं ते. विनूमागं कुणी नव्हतं. मामी त्या पिल्लांना रोज सकाळी नातवंडांसारखं न्हाऊ घालू लागल्या. आदल्या दिवशी भरून ठेवलेली देवघरातली तांब्याची कळशी, चिंचेनं घासून लख्ख केलेली. तिच्यातलं पाणी आधी देवांना, मग तुळशीला, मग विनूच्या झाडाला. घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी ते. दुसरं कुठलं पाणी आपल्या नातवंडांना घालायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नसतं.

पिल्लं एकामागून एक जाऊ लागली. आधी पानांची टोकं करपत, मग पोट काळं पडे, आणि वरचं पान धरून ओढलं की आख्खा गाभा हातात येई. मामी म्हणत, “माझ्याच नशिबात नाही.” आणि उरलेल्यांना आणखी मायेनं, आणखी पाणी घालत. अप्पांनी एक पिल्लू सहज काथ्यानं आंब्याच्या उंच बेचक्यात बांधलं होतं. तिथं मामींचा हात पोचत नव्हता. पावसाच्या पाण्यावर ते फोफावलं, त्याला पुढं पिल्लं झाली. त्यातलं एक मामींनी हौसेनं मागून घेतलं आणि तुळशीपाशी ठेवलं. तेही गेलं.

मग मामी माझ्या आईच्या आजारपणात कल्याणला जाऊन राहिल्या. तेवढ्या काळात अप्पांनी तुळशीपाशी नवं पिल्लू ठेवलं आणि रांजणातलं पाणी करवंटीनं घातलं. ते मजेत वाढलं. मामी आल्या, कळशी सुरू झाली, आणि श्रावण सरायच्या आत गाभा काळा. अप्पांनी गुपचूप आणखी एका पिल्लाला परसाच्या कोपऱ्यात कळशीतलं पाणी घालून पाहिलं. मग मला विहिरीमागं नेलं. त्यांच्या हातात ते सडलेलं पिल्लू होतं.

“गोविंदा, तांबं,” ते म्हणाले. “तांब्याचं पाणी बाधतं याला. वाटीत साठून राहतं ना, म्हणून.”

मी म्हटलं, “मग मामींना सांगू या. सोपं झालं.”

“काय सांगू? तुझी नातवंडं तू तुझ्या हातानं मारलीस, हे सांगू? देवाच्या पाण्यानं मारलीस, हे सांगू?” त्यांनी हातातलं पिल्लू जमिनीवर ठेवलं. “त्या बाईचं उरलंय काय दुसरं? एक देव आणि एक हे. दोन्ही एकदम काढून घेऊ तिचं?”

त्यांनी आधी सरळ उपाय करून पाहिला. मामींच्या हातात करवंटी दिली आणि म्हणाले, याला हेच मानवतं. मामी फणकारल्या, “तुळशीला कळशी आणि माझ्या पोराच्या झाडाला करवंटी? भिकाऱ्याला वाढतात तसं?” आणि अप्पांची पाठ वळली की कळशीच घेत. मातीच्या मोघ्याचंही तेच झालं. त्यांना अडवील अशी एकच गोष्ट जगात होती, ती म्हणजे सोवळं. अप्पांना ते ठाऊक होतं.

त्या सकाळी मी ओटीवर मुलांच्या पाट्या तपासत होतो. मामी तुळशीचं पाणी आटोपून झाडाकडे वळल्या, आणि अप्पा पुढं होऊन म्हणाले, “थांब. हे झाड समुद्र ओलांडून आलेलं आहे. देवाच्या कळशीला त्याचा विटाळ नको. आजपासून तू त्याला हात लावायचा नाहीस. काय घालायचं ते मी घालीन.”

मामी कळशी हातात धरून उभ्याच राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, “झाडाबद्दलच बोलताय ना?”

अप्पा करवंटी उचलून रांजणाकडे वळले.  मामींनी कळशी खाली ठेवली आणि त्या घरात गेल्या.

भांडण झालं नाही. पानावर वाढणं, अंथरूण घालणं सगळं तसंच चालू राहिलं. पण इतकी वर्षं अप्पांसाठी मामी स्वतः गंध उगाळून वाटी पुढं ठेवत, ते त्या दिवसापासून बंद झालं. सहाण आणि चंदनाचं खोड तेवढं पाटाजवळ ठेवलेलं असे. अप्पा आपलं आपण उगाळून घेत. एवढ्याशा गोष्टीनं घर किती रिकामं होतं, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. मामी मला एकदा म्हणाल्या, “मेल्यावरही त्यांनी माझ्या पोराला उंबरठ्याबाहेरच ठेवला रे गोविंदा.” माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. अप्पांनी मला जानव्याची शपथ घातली होती.

अप्पांनी झाडं वाढवली ती त्यानंतर. खाडीकाठच्या साहेबांच्या बंगल्यांतल्या माळ्यांशी ओळखी काढून पट्ट्यांची, ठिपक्यांची झाडं आणली. आंबा भरून गेला. गाव गंमत बघायला येऊ लागलं आणि अप्पा बिनमातीचे झाले. पण विनूच्या झाडाच्या वंशातलं एक त्यांनी आंब्याच्या अगदी खालच्या बेचक्यात बसवलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसेल असं; ते फुलून गेलं, की त्याचंच पिल्लू त्या जागी येई. मी म्हटलं, “वर बांधा, ऊन चांगलं मिळेल.” ते म्हणाले, “ऊन नको त्याला. ते बघण्यासाठी आहे.” कुणी बघण्यासाठी, हे सांगावं लागलं नाही. मामी चुलीपाशी बसून त्याच्याकडे बघत. जवळ मात्र कधी गेल्या नाहीत. उन्हाळ्यात त्याचं पोट लाल झालं की त्या दिवसभर खिडकीपाशी असत, आणि अप्पा मुद्दाम बाहेर निघून जात.

पिल्लं मागायला येणाऱ्यांना अप्पा रिकाम्या हातानं पाठवत नसत. “मुळाला नको, पोटाला पाणी. शिळं झालं तर पालथं करून ओतून द्या. आणि हे घ्या,” असं म्हणून सोबत एक करवंटी देत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याचं खूळ. तांब्याचं कारण त्यांनी एकालाही सांगितलं नाही. ठाणं केवढंसं तेव्हा. फिरून घरी आलं असतं.

माघात अप्पा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. मी रजा काढून जवळ बसलो. मामी काढा करायला उठल्या होत्या. मी न राहवून म्हटलं, “मामा, आता तरी सांगू द्या. मामी तुम्हांला दगड समजतात.”

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. “समजू दे. दगडावर डोकं आपटून माणूस मोकळं होतं. ती स्वतःवर आपटायला लागली तर वाचायची नाही.” मग म्हणाले, “करवंटीला चीर गेलीय. नवी कर.” दोन दिवसांनी ते गेले. मामींनी शेवटचं पाणी तोंडात घातलं ते कळशीतलंच.

दिवसकार्य आटोपलं. पाहुणे पांगले. आलवण नेसलेल्या मामी एका सकाळी पूजा करून कळशी घेऊन परसात आल्या. मी करवंटी घेऊन शिडीपाशी उभा होतो. त्या सरळ खालच्या बेचक्यापाशी गेल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गोविंदा, आता मला अडवणारं कुणी नाही. माझ्या विनूला देवाचं पाणी मिळू दे.”

मी वर पाहिलं. उंच फांद्यांवर त्याच वंशाची झाडं होती, त्यांना काही होणार नव्हतं. पण हे एक मरणार, हे मला समोर दिसत होतं. आणि मामींच्या चेहऱ्यावर जे होतं तेही दिसत होतं. मी करवंटी खाली केली. मामींनी पाणी घातलं, डोळे मिटून, नैवेद्याभोवती फिरवावं तसं कडेकडेनं. त्या रोज घालत राहिल्या. मी रोज बघत राहिलो, आणि मनातून अप्पांची क्षमा मागत राहिलो.

चैत्रात मामींनी मला हाक मारली. त्या आंब्याच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. हातात काळा पडलेला गाभा होता.  आता त्यांना सगळं कळलं, असं मला वाटलं.

“बघ गोविंदा,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं त्यांच्या हातानं जगलं. मी देवाचं पाणी घातलं, तरी राहिलं नाही. त्यांच्यामागं गेलं.”

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो.

“तोंडानं विटाळ म्हणायचे,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “मुकं झाड, त्याला सोंग कुठलं? जीव लावल्याशिवाय कुणी कुणाच्या मागं असं जातं का? माझ्या विनूवर माया होती रे त्यांची. मलाच कळली नाही.”

“होती, मामी,” मी म्हटलं. तेवढंच बोललो, आणि तेवढं अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून ओळखीचा आवाज आला म्हणून मी दारातून डोकावलो. मामी सहाणेवर चंदन उगाळत होत्या. वाटी भरली तशी त्यांनी ती उचलली, आणि अप्पांच्या रिकाम्या पाटासमोर, पूर्वी रोज ठेवत तिथंच ठेवली.